राणीछाप रुपयाची पारख : तराजू आधी, कान नंतर

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या पानावर आजवर सूत, रंग, कापडाचा पन्ना, हुंडी-उधारी यांवर बरेच लिहून झाले. आज एका वेगळ्या जिनसाबद्दल लिहितो. जुन्या चांदीच्या रुपयाचा धंदा आपल्यापैकी कुणीच करीत नाही, पण तो आपल्या गल्ल्यावर येतो. कुणी उधारीच्या फेडीत चार राणीछाप रुपये पुढे करतो. कुणी सुट्ट्या पैशाच्या थैलीत सापडले म्हणून आणतो. घरातली एखादी बुजुर्ग बाई अम्मीच्या पेटीतले रुपये काढून देते आणि म्हणते, "बेटा, बाजारात दाखवून ये." त्या वेळी आपण रुपया फरशीवर वाजवतो, आवाज बरा आला की खिशात टाकतो. एवढ्यावर पारख होत नाही.

सुट्ट्या पैशाचे आधी सांगतो. कंपनीचा आणि ब्रिटिश अमलातला पूर्ण चांदीचा रुपया 1941 ते 1943 या काळात सरकारने टप्प्याटप्प्याने चलनातून काढला. आधी व्हिक्टोरियाचा, मग एडवर्डचा, शेवटी दोन्ही जॉर्जचा. तेव्हा आज मोडीत पांढरे जुने नाणे आले तर ते बहुतेक वेळा चांदीचे नसतेच. ते 1950 ते 1970 मधले निकेलचे असते किंवा नंतरचे तांबे-निकेलचे. गांधीजींच्या चित्राचा 1969 चा रुपया लोक चांदीचा म्हणून जपून ठेवतात. तो निकेलचा आहे. त्याच वर्षी निघालेले दहा रुपयांचे नाणे मात्र चांदीचे आहे, 15 ग्रॅम वजनाचे, त्यात 80 टक्के चांदी. फरक चित्रात नाही, आकड्यात आहे.

इथे चुंबक कामाला येते, पण चुंबकाचा अर्थ उलटा लावणारे बरेच भेटतात. चांदीला चुंबक ओढत नाही, निकेलला ओढतो. म्हणून रुपया चुंबकाला चिकटला की तो चांदीचा नाही, एवढे पक्के झाले. तो खोटा आहे, हे मात्र ठरत नाही. सहाव्या जॉर्जचा 1947 चा वाघाचे चित्र असलेला रुपया निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो आणि तरीही टाकसाळीचा अस्सल रुपया आहे. दुसऱ्या बाजूने, चुंबकाला चिकटला नाही म्हणून चांदी ठरत नाही. तांबे, पितळ, शिसे, जर्मन सिल्व्हर यांतले काहीच चिकटत नाही. चुंबक एकच दार बंद करते, बाकीची उघडीच राहतात.

वजन

आता खऱ्या कामाची गोष्ट. 1835 पासून कंपनी सरकारने राजाच्या चेहऱ्याचा एकसारखा रुपया पाडला. त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापात 11.66 ग्रॅम. रुंदी सुमारे साडेतीस मिलिमीटर. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. हा कस 1939 च्या रुपयापर्यंत बदलला नाही. एका रुपयात निव्वळ चांदी 10.69 ग्रॅम येते. आपले बुजुर्ग चांदी रुपयांनी तोलत ती याच हिशोबाने, रुपया म्हणजेच तोळ्याचे वजन होते.

पॉवरलूमच्या गावांत दोन दशांशांचा काटा आज पुष्कळांकडे असतो. कापडाचा जीएसएम काढायला गोल कटरने तुकडा कापून आपण ज्या काट्यावर ठेवतो तोच. त्यावर रुपया ठेवावा. चांगला राहिलेला रुपया 11.60 ते 11.70 दाखवतो. हातोहात फिरून झिजलेला त्याहून कमी भरतो. जुन्या कायद्यात शेकडा दोनपर्यंतची घट चालत असे, म्हणजे साधारण 11.43 पर्यंत. याहून कमी वजनाचा रुपया लगेच खोटा समजू नये, पण मग त्याची झीज डोळ्यांना दिसली पाहिजे. चेहऱ्याचे केस, मुकुटाचे मणी, किनारीचे दाते हे सगळे पुसट आणि वजन 11.2, तर ते पटते. केस न् केस मोजता येतो आणि वजन 10.4, तर ते पटत नाही. कापडाचा पोत जाड दिसतो आणि जीएसएम हलका भरतो, तेव्हा आपल्या मनात जी शंका येते तीच इथे यावी.

जास्त वजनाचीही शंका घ्यावी. झिजून रुपया हलका होतो, जड कधी होत नाही. 11.9 भरला तर बहुधा त्यावर दागिन्याची कडी लावलेली होती आणि डाक शिल्लक आहे. ती भिंगातून दिसते. डाक नसेल तर माल संशयाचा.

वजनानंतर पाण्याची परीक्षा. ही मला सर्वांत जास्त एतबाराची वाटते, कारण हिच्यात नाण्याला ओरखडासुद्धा पडत नाही. प्लास्टिकच्या छोट्या पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधा. साधा शिवणाचा दोरा पुरतो, जाड सूत पाणी पिते. रुपया पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने लटकता धरा. तो तळाला लागू नये, पेल्याच्या अंगाला लागू नये, त्यावर हवेचे बुडबुडे नसावेत. काटा जो आकडा दाखवेल ते रुपयाने हटवलेल्या पाण्याचे वजन. आता रुपयाच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. पूर्ण चांदीच्या रुपयाचे उत्तर 10.3 च्या आसपास येते. म्हणजे 11.66 ग्रॅमचा रुपया पाण्यात 1.13 दाखवील. तांब्यावर मुलामा दिलेला असेल तर उत्तर नऊच्या आत येते, पितळेचे साडेआठाच्या आसपास. शिशाचे अकराच्या वर जाते, पण शिसे नखाने दबते आणि कागदावर करडी रेघ ओढते, त्याला पाण्याची गरज नाही. काट्यात एका शतांशाचा फरक पडला तर उत्तरात एका दशांशाचा पडतो. म्हणून तीनदा करून पाहावे.

पन्नास टक्क्यांचा रुपया

ज्या गोष्टीमुळे आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान होते ती आता सांगतो. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडू लागली. 1940 मध्ये सरकारने रुपयाचा कस बदलला. त्यात चांदी निम्मी ठेवली, तांबे 40 टक्के, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. वजन तेच, 11.66 ग्रॅम. 1940 पासून 1945 पर्यंतचे रुपये असे आहेत. हे फिरून झिजले की मळकट, जरा पिवळसर दिसतात. पाण्यात त्यांचा आकडा 1.22 च्या जवळ येतो आणि उत्तर साडेनऊच्या आसपास निघते.

आता बघा काय होते. अडचणीत आलेली बाई असे वीस रुपये घेऊन जाते. घेणारा एक रुपया दगडावर घासतो, तोंड वाकडे करतो आणि म्हणतो, "हे गिलेटचे आहेत, खोटे आहेत, द्यायचे तर भंगारात द्या." बाई देऊन येते. त्या वीस रुपयांत 116 ग्रॅमहून जास्त निव्वळ चांदी होती. हे एका टोकाचे झाले. दुसऱ्या टोकाला आपला एखादा भाऊ तेच वीस रुपये काट्यावर टाकतो, 233 ग्रॅम भरले म्हणून पूर्ण चांदीचा भाव लावून उधारीत वळते करतो आणि जवळजवळ दुप्पट पैसे मोजून बसतो. दोन्हीकडे नाणे अस्सलच होते. नाण्यावरचे साल कुणी वाचले नाही, एवढेच. जकातीचा हिशोब करणाऱ्यांनीही आपल्या घरातले रुपये आधी असे दोन ढिगांत वेगळे करावेत, 1939 पर्यंतचे एकीकडे आणि 1940 ते 45 चे दुसरीकडे, आणि मग मिश्र धातूचा मसला आलिमांना विचारावा.

या निम्म्या चांदीच्या रुपयाला ओळखायची आणखी एक खूण आहे, किनार. जुन्या रुपयाच्या किनारीला साधे उभे दाते आहेत. नव्या कसाच्या रुपयाला बनावट रोखण्यासाठी दात्यांच्या मधून एक खोबण काढली. पदराच्या मधून काठ जावा तशी ती सगळीकडे फिरते. ही खूण साल पुसट झाले तरी टिकते.

याच खुणेवरून 1939 च्या रुपयाची मोठी फसवणूक पकडता येते. 1939 चा रुपया फारच थोडा बाहेर आला. तो पूर्ण चांदीच्या कसाचा शेवटचा म्हणून हौशी लोक त्याला मोठी किंमत देतात, त्यामुळे तो बनवणारेही खूप आहेत. कुणी 1938 मधल्या आठाचा नऊ करतो, कुणी 1940 च्या पुढचा रुपया घेऊन आकडे कोरतो. नंतरचा घेतला असेल तर किनारीची खोबण आणि साडेनऊचे उत्तर त्याला उघडे पाडतात. 1938 वरून केला असेल तर मात्र वजन आणि पाणी दोन्ही पास होतात. तिथे भिंग लागते. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बाकीच्या जमिनीसारखी सपाट आहे का, तिथे खरवडल्याच्या बारीक रेघा आहेत का, नऊची उंची शेजारच्या तीनाइतकी आहे का, हे पाहावे.

साल आणि छाप

खोटा रुपया करणारे दोन प्रकारचे. पहिले जुन्या काळातले, चालवण्यासाठी करणारे. 1893 मध्ये सरकारने लोकांची चांदी टाकसाळीत घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. नंतर रुपयातल्या चांदीची किंमत रुपयाहून खाली राहिली. त्यामुळे चांगल्या चांदीचा खोटा रुपया केला तरी नफा सुटे. त्या काळचे काही बनावट रुपये म्हणूनच खऱ्या चांदीचे असू शकतात. दुसरे आजचे, हौशी गिऱ्हाइकासाठी दुर्मीळ साल करणारे. यांचाही पुष्कळ माल चांदीचाच असतो. म्हणजे धातू खरा आणि नाणे खोटे, असाही प्रकार आहे. धातूच्या परीक्षेने तो सापडत नाही. तिथे साल आणि छाप यांची सांगड पाहावी लागते, आणि बनावट करणारा इथेच जास्त चुकतो.

कंपनीच्या राजाछाप रुपयावर दोनच साले आहेत, चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याबरोबर 1835 आणि व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याबरोबर 1840. पुढे अनेक वर्षे पाडले तरी साल 1840 च ठेवले. म्हणून कुणी कंपनीचा 1850 चा रुपया दाखवला तर त्याला सलाम करून पुढे जावे. व्हिक्टोरियाचा मुकुटाचा रुपया 1862 पासूनचा. 1862 हे साल पुढे दहा-बारा वर्षे तसेच चालू ठेवले, त्यामुळे ते घरोघर सापडते. त्याला दुर्मीळ म्हणून चढा भाव सांगणाऱ्याचे ऐकू नये. 1876 पर्यंत इंग्रजीत व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, 1877 पासून 'एम्प्रेस'. 1885 च्या रुपयावर 'क्वीन' दिसले की प्रकरण संपले. एडवर्डचे डोके उघडे आहे, मुकुट नाही, साले 1903 ते 1910. पाचव्या जॉर्जला मुकुट आहे, तो 1911 पासून.

1911 च्या रुपयाची हकीकत आपल्या लोकांना ठाऊक असावी. राजाच्या झग्यावरच्या हारात एक हत्ती कोरला होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड निघाले की तो लोकांना डुक्कर वाटला. मुसलमानांत नाराजी पसरली, तो रुपया थांबवला गेला आणि 1912 च्या रुपयात हत्ती नीट करून घेतला. आज भिंगातून 1911 च्या रुपयावर लांब सोंडेचा सुरेख हत्ती दिसला तर उलट शंका घ्यावी.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे. कंपनीच्या रुपयावर आणि एडवर्डपासून पुढच्या रुपयांवर 'यक रुपिया' असे फारसी लिपीत लिहिलेले आहे. 1862 ते 1901 च्या राणीछाप रुपयावर ते नाही, तिथे फक्त इंग्रजी. ही अक्षरे टाकसाळीने चांगल्या कातिबाच्या हातची वाटतील अशी कोरली आहेत. बनावट करणाऱ्याला बहुधा लिपी येत नाही, तो फक्त चित्र उतरवतो. मग पेचे तीन नुक्ते एका थेंबात मिसळतात, वावचे डोके भरून जाते, येचे नुक्ते भलतीकडे सरकतात. इंग्रजी अक्षरांत जी चूक आपल्याला दिसणार नाही ती इथे एका नजरेत दिसते. आपल्या मुलांनाही हे दाखवावे, त्यांची नजर आपल्यापेक्षा बरी असते.

मराठवाड्यातल्या घरांतून निजामाचा हाली सिक्का निघतो. चारमिनारचे चित्र असलेला हा रुपया 11.18 ग्रॅमच्या आसपासचा आहे आणि त्याचा कसही इंग्रजी रुपयापेक्षा हलका आहे. इंग्रजी रुपयाच्या मापाने त्याला खोटा ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असते, मीर महबूब अली खानांच्या काळात मीम, मीर उस्मान अली खानांच्या काळात ऐन. अक्षर आणि हिजरी साल जुळते का ते पाहावे.

उरूसाच्या बाजारात कलमा लिहिलेले मोठे 'शाही सिक्के' मिळतात आणि लोक बरकतीसाठी घेतात. अकबर बादशहाच्या रुपयांवर कलमा होता, हे खरे आहे. पण मोगल रुपया हातोड्याने पाडलेला असतो. त्याची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असते, म्हणून मजकूर कडेला तुटतो. किनारीला दाते नसतात. सगळा मजकूर गोल चौकटीत नीट बसलेला आणि किनारीला दाते, असा मोगल सिक्का नसतो. आणि औरंगजेबाने तर कलम्याची बेअदबी होऊ नये म्हणून तो नाण्यांवरून काढायला लावला. त्याच्या नावाचा कलमा असलेला सिक्का कुणी विकत असेल तर त्याला हा इतिहास विचारावा. कंपनीच्या नावाची, 1818 सालाची, देवदेवतांच्या चित्रांची आणि तांदूळ ओढणारी म्हणून लाखांची बोली लावलेली नाणी हा तर निव्वळ ठकबाजीचा धंदा आहे. त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

आवाजाबद्दल दोन शब्द. खणखणीत आवाज ही चांदीची खूण आहे, पण ती वगळण्याच्या कामाची आहे. ओतीव शिशाचा रुपया बद्द वाजतो, तो आवाजानेच गळतो. पाडलेल्या बनावट चांदीच्या रुपयाचा आवाज खऱ्यासारखाच येतो. उलट खऱ्या रुपयाला चीर गेली असेल तर तो बद्द वाजतो. जुन्या सराफांनी मारलेल्या छोट्या ठोशांच्या खुणा रुपयावर असतील तर घाबरू नये. त्या काळी पारख करताना असे ठोसे मारीत. त्याने हौशी किंमत उतरते, चांदीची किंमत उतरत नाही.

काही कामे मात्र अजिबात करू नयेत. कानशीने किनार घासून पाहणे, तेजाबाचा थेंब टाकणे, चिंच-राख लावून चकचकीत करणे. मोडीचा माल असेल तर सराफाने तेजाब लावले तरी बिघडत नाही. पण साल चांगले असेल तर काळसर थर हीच त्याची अब्रू आहे. ती घासून काढली की हौशी गिऱ्हाईक निम्मे पैसेसुद्धा देत नाही.

माझा स्वतःचा रिवाज असा आहे. एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा एकेक साधा, खात्रीचा रुपया नमुना म्हणून गल्ल्यात ठेवलेला आहे, जसे आपण नमुन्याचे कापड ठेवतो. नवा आला की शेजारी ठेवून अक्षरांची जाडी, दाते आणि वजन ताडून पाहतो. आणि कुणाकडूनही रुपया घेताना मोडीच्या भावाने घेतो, सालाच्या भावाने नाही. विकताना त्याचा कस आणि ऐब दोन्ही सांगतो. सालाचा भाव द्यायचा किंवा घ्यायचा असेल तर आधी जाणकाराचे मत घ्यावे. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 मध्ये नाण्यांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली आहे. जुनी नाणी कशी दिसतात हे नजरेत बसवायचे असेल तर तिथले संग्रहालय मालेगाव-धुळ्याकडच्या लोकांना जवळचे आहे.

एक गोष्ट कायद्याची. घर किंवा कारखान्याचा पाया खणताना जमिनीत रुपयांची मडकी निघाली तर ती परस्पर सराफाकडे नेऊ नका. 1878 चा भूमिगत निधीचा कायदा आहे, त्याप्रमाणे कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. न कळवता माल वितळवला तर मालही जातो आणि खटलाही होतो. शंभर वर्षांवरचे नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते आखातातल्या नातेवाइकाला भेट म्हणून सामानातून पाठवता येत नाही. घरच्या पेटीतले चार रुपये ठेवायला मात्र कुणाची मनाई नाही.